पहाटेची मिस्सा

1 डिसेंबर 2024, रविवार. कर्जत

आजपासून आगमनकाळ. वेदीवर जांभळं वस्त्र चढलं, फुलदाण्या आत गेल्या आणि रविवारी म्हटलं जाणारं ग्लोरिया आता थेट नाताळच्या रात्रीच. मला हे फार आवडतं. सणाआधी थोडं रितं व्हावं लागतं, आणि तेही सगळ्यांनी मिळून. बाहेर मात्र रिसॉर्टांनी दिवाळीच्या माळा उतरवल्याच नाहीत. त्यांतच चांदण्या अडकवून नाताळ सुरू केला आहे, आणि लाउडस्पीकरवर घंटांची गाणी वाजताहेत. चार आठवडे वाट बघायची ती कशाची, हे त्या गोंगाटात मुलांना सांगायचं तरी कसं?

देवळातलं आगमनकाळाचं कडं यंदा बांबूचं आहे. बुरुडाकडून वळवून आणलं, त्यावर सुरूच्या डहाळ्या सुतळीनं बांधल्या. चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. ही प्रथा आली हॅम्बुर्गहून. योहान विखर्न नावाचे लुथरन पाळक तिथं निराधार मुलांचं वसतिगृह चालवायचे. मुलं रोज विचारायची, नाताळला किती दिवस राहिले? म्हणून 1839 साली त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या उभ्या केल्या, रविवारच्या मोठ्या आणि इतर दिवसांच्या छोट्या. मी नगरच्या प्रॉटेस्टंट घरातली, लग्न करून या कॅथलिक घरात आले. एका लुथरन पाळकाचं चाक आज सगळ्या कॅथलिक देवळांत फिरतंय, याचा मला दर वर्षी मनापासून आनंद होतो.

मिस्सेनंतर चहा घेताना मागच्या बाकावरची दोन मुलं घुटमळत होती. अंगावर रिसॉर्टचा गणवेश. झारखंडची, गुमल्याकडची. एक कॅथलिक, दुसरा गॉस्नर कलीसियाचा, म्हणजे माझ्या माहेरच्या बाजूचा. नाताळची मिस्सा किती वाजता, एवढंच त्यांना विचारायचं होतं. फादर म्हणाले, रात्री साडेदहाला या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चोवीसच्या रात्री पार्टी असते, कोणालाच सुटी नसते. अशी किती मुलं आहेत रे तुमच्यात, असं मी विचारलं. धाकटा बोटांवर मोजू लागला, स्वयंपाकघर, हाउसकीपिंग, शेजारची दोन रिसॉर्टं, आणि मोजतच राहिला.

4 डिसेंबर, बुधवार

कॉयरचा सराव आमच्या घरी. पेटीवर आमचे मामा (सगळ्या कॉयरचे मामा), तबल्यावर त्यांचा भाचा.

आमची मंडळी म्हणजे बहुतेक रेल्वेनं आणून सोडलेली माणसं. बोरघाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट, म्हणून पुण्याकडे निघालेल्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडतात. 1863 साली घाटातून गाडी सुरू झाली, आणि तिच्यामागोमाग ड्रायव्हर, फिटर, गार्ड अशी गोव्याची, मुंबईची, साष्टीची कुटुंबं या लाइनीवर आली. आमचे हेही बँकरवरच ड्रायव्हर होते. 1915 मध्ये खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, नंतर कारखाने आले, त्यांच्याबरोबर आणखी माणसं. मग केरळच्या नर्सेस आल्या, माझ्यासारख्या नगरच्या मास्तरणी आल्या. मुंबईच्या पॅरिशमध्ये कोंकणी मिस्सा वेगळी, तमिळ वेगळी, इंग्रजी वेगळी. आम्ही इतके थोडे, की वेगळं व्हायला माणसंच पुरत नाहीत. सगळ्यांना मराठीतच प्रार्थना करावी लागते. वर्षं गेली, आणि आता या लोकांना देवाशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलणं सुचत नाही.

सासूबाई सांगायच्या, लॅटिन मिस्सा चालू असायची तेव्हा बायका आपली जपमाळ ओढत बसायच्या. फादर वेदीकडे तोंड करून काय म्हणतात ते घंटा वाजली की कळायचं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, त्या दस्तऐवजाची तारीखही आजचीच, 4 डिसेंबर 1963. मामांनी आज ते आठवणीनं सांगितलं आणि मग सूर दिला.

आमच्या गाण्यांच्या फायली कोणी पाहाव्यात. गाणं एकच, पण मराठीकरांसाठी देवनागरीत, गोव्याच्या काकांसाठी रोमीत, कारण त्यांची कोंकणी शाळेपासून रोमीतच, आणि दोघी नर्सेससाठी मल्याळममध्ये. तिन्ही कागद एकाच प्लॅस्टिकच्या पाकिटात. 'ळ' कोणाच्या तोंडून कसा येतो यावर आज बराच वेळ गेला. मल्याळी मुलींचा 'ळ' सगळ्यात खणखणीत.

8 डिसेंबर, रविवार

दुसरी मेणबत्ती.

आजचं वाचन लूकच्या तिसऱ्या अध्यायातलं. सुरुवातीला राज्यकर्त्यांची भली मोठी यादी. कैसर तिबेर्य, पिलात, हेरोद, वरून दोन महायाजक. आणि एवढ्या सगळ्यांना ओलांडून देवाचा शब्द जातो तो रानात राहणाऱ्या योहानाकडे. तो सांगतो, दऱ्या भरा, डोंगर सपाट करा, वाट सरळ करा. फादर तरुण आहेत, कर्जतला येऊन फार दिवस झाले नाहीत, पण आज त्यांनी प्रवचन थेट घाटात नेलं. म्हणाले, वाट सरळ करणं म्हणजे काय ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? रेल्वेच्या कामावर एके काळी चाळीस हजारांवर माणसं राबत होती, कॉलऱ्यानं आणि अपघातांनी किती गेली त्याचा धड हिशोब नाही. ठेकेदार सोलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये आल्याआल्या वारला, आणि त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनं ठेका आपल्या नावावर घेऊन काम तडीस नेलं. आमच्या ह्यांनी उभं आयुष्य तो घाट पार केला, पण अ‍ॅलिसबाईंचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं. घरी येईपर्यंत तोच विषय.

दुपारी नातीनं मोबाइलवर पॅरिसचं नोत्र दाम दाखवलं. 2019 च्या आगीनंतर काल पुन्हा उघडलं. पांढऱ्या दगडाचं एवढं उजळ देऊळ! डोळे भरून आले. तिला म्हटलं, आपल्या पत्र्याला गळती लागते तेव्हा आपणही असेच पैसे गोळा करतो.

12 डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. शेजारच्या वहिनींच्या घटावर आंब्याचे टाळे, विड्याची पानं, भोवती पाच फळं. दारात रांगोळीची पावलं. त्यांचा दिवसभर उपास, आणि माझाही आगमनकाळातला संयम चालूच आहे. मी गोड सोडलं आहे, त्या मीठ सोडतात. या महिन्यात दोघींच्या स्वयंपाकघरांत एक वेगळीच शिस्त असते आणि त्याबद्दल आम्हाला एकमेकींना काही समजावून सांगावं लागत नाही. त्यांचा शेवटचा गुरुवार या वर्षी नेमका सव्वीसला. म्हणजे माझ्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं उद्यापन. केकचा एक टिन बिनअंड्याचा करायचा, रव्याचा, दह्यातला. तो पंचवीसलाच पोचवला पाहिजे.

संध्याकाळी हे आणि फादर रिसॉर्टच्या मॅनेजरांकडे जाऊन आले. एका ठिकाणी नकारच मिळाला, चोवीस-पंचवीसला कोणालाही सोडणार नाही. दुसऱ्या ठिकाणचा माणूस भला निघाला. म्हणाला, रात्र मला द्या, पहाटे दोन तास देतो, सातला नाश्त्याच्या ड्युटीवर हजर पाहिजेत. फादर जिना उतरतानाच म्हणाले, मग पहाटेची मिस्सा करू. नाताळच्या तीन मिस्सा असतात हे मी कधीपासून ऐकून होते. रात्रीची, पहाटेची, दिवसाची. मधली आमच्याकडे कधी कोणी केली नव्हती. रात्री जागल्यावर पहाटे कोण उठणार?

आज कमिटीत तोच प्रश्न आला. दोन मिस्सांसाठी दोनदा कॉयर, दोनदा सजावट, आणि त्या मुलांची आपली ओळखसुद्धा नाही, असं एक जण म्हणाले. मला राग आला. ओळख नाही म्हणूनच तर करायची. पण बोलले गोव्याचे काका. रेल्वेत असताना त्यांचे कित्येक नाताळ इंजिनात गेले, सिग्नलला गाडी थांबली की लांबून कुठल्यातरी देवळाची घंटा ऐकू यायची. एवढंच सांगून ते बसले. ठराव झाला.

15 डिसेंबर, रविवार

गुलाबी मेणबत्ती. आनंदाचा रविवार, फादरांचं वस्त्रही गुलाबी.

शुभवर्तमान मात्र हिशोबाचं. लोक योहानाला विचारतात, आम्ही करावं तरी काय? तो कुणालाही रानात बोलावत नाही. दोन अंगरखे असतील त्यानं एक द्यावा. जकातदारानं ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायानं दमदाटी करू नये. इतकं साधं.

दुपारी आम्ही काही जण वीटभट्टीवर गेलो. दिवाळी झाली की इथल्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबं भट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परत येतात. मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते, आणि हंगामभर राबूनही ती फिटतेच असं नाही. मागच्या वर्षीचा आकडा पुढच्या वर्षीच्या वहीत चढतो. जकातदाराचं वाक्य सकाळी ऐकलं आणि दुपारी ती वही पाहिली. हे दोन्ही एकाच दिवशी घडलं ते बरं झालं, नाहीतर सकाळचं सकाळीच विसरले असते.

नर्स मुलींनी लहानग्यांची वजनं घेतली, खोकल्यावाल्यांची नावं उपजिल्हा रुग्णालयासाठी लिहून घेतली. आम्ही नवी ब्लँकेटं नेली होती. जुने कपडे न्यायचे नाहीत हा नियम मी भांडून करून घेतला आहे. आपल्याला नको झालेलं देणं हे योहानाच्या हिशोबात बसत नाही. एका बाईनं ब्लँकेट उलगडून त्याची शिवण पाहिली, मग नवऱ्याला हाक मारून दाखवली. घडी परत तशीच घालून पिशवीत ठेवली. म्हणाली, गावी नेईन.

16 डिसेंबर, सोमवार

झाकीर हुसेन गेल्याची बातमी. नोव्हेना आजपासून, पण मामा आणि त्यांचा भाचा दोघंही गप्प होते. माहीमच्या सेंट मायकल शाळेतले झाकीरभाई. प्रार्थनेनंतर भाच्यानं कोणाला न विचारता एकट्यानं तबला वाजवला. फादर वेदीपाशी उभे राहून ऐकत होते. कोणी उठलं नाही.

18 डिसेंबर, बुधवार

आमच्या ओटीवर कुलकुल. मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, अंडं, साखर. सुपारीएवढी गोळी घ्यायची, नव्या कोऱ्या कंगव्याच्या दातांवर अंगठ्यानं दाबून पसरायची आणि उलटी गुंडाळायची. शंखासारखी नक्षी उठते. अंगठा जोरात दाबला तर कणीक दातांत अडकते, हलका दाबला तर नक्षीच येत नाही. नातीला जमायला सगळी दुपार लागली, मग मात्र तिचा हात थांबेना.

माझ्या माहेरी नाताळाला करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे, म्हणजे दिवाळीचाच फराळ. इथं ईस्ट इंडियन जाऊबाईंचे फुगे आणि बॉटल मसाल्याचं मटण, गोव्याच्या काकूंचं दोदोल आणि नेवऱ्या, मल्याळी मुलींचा मनुक्यांचा केक. नेवरी आणि माझी करंजी शेजारी शेजारी ठेवली तर सारणाशिवाय ओळखू येत नाहीत. केकचं मिश्रण टिनांतून बेकरीच्या भट्टीत गेलं. प्रत्येक टिनावर खिळ्यानं कोरलेली खूण आहे. आमच्या टिनावर सासूबाईंनी कोरलेला क्रूस, अजून बुजलेला नाही.

तळण चालू असतानाच बातमी आली, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची बोट धडकली. माणसं गेली. काकूंनी झारा खाली ठेवला आणि आम्ही तिथंच कढईपाशी 'प्रणाम मरिया' म्हटलं.

20 डिसेंबर, शुक्रवार

आज कॅरोलवाले खोपोलीत. कर्जतहून पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत लोकल खोपोलीला पोचते. डब्यातच दोन गाणी झाली. सांताक्लॉजचा लाल झगा मला फारसा पटत नाही, पण लहान मुलं त्याच्यामागे धावतात, म्हणून गप्प बसते.

एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आमच्या मंडळीतलं एक घर. जिन्यातच मामांनी पेटी गळ्यात अडकवली आणि रेव्हरंड टिळकांचं भजन धरलं. समोरच्या दारातून पन्नाशीचे एक गृहस्थ बाहेर आले, गळ्यात तुळशीची माळ. ऐकत राहिले. दुसऱ्या कडव्याला आत गेले आणि टाळ घेऊन आले. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, अभंग कोणाचा?

मग जिन्यात उभ्या उभ्या टिळकांची सगळी कथा झाली. 1861 मध्ये कोकणात जन्म, 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा, पत्नी लक्ष्मीबाईंची ताटातूट आणि पुढं त्यांचं स्वतःच्या पायांनी येणं. 'ख्रिस्तायन' अपुरं ठेवून ते 1919 मध्ये गेले, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ख्रिस्तापर्यंत आपण तुकोबांच्या वाटेनं पोचलो असं ते मानायचे, हे सांगितलं तेव्हा गृहस्थ नुसते हसले. म्हणाले, मग आमचेच. त्यांच्या घरी सगळ्यांना चहा झाला. आमच्या मंडळींकडचा चहा तोवर गार झालेला, तोही प्यायलो.

नगरला टिळकांची भजनं मी पाळण्यात ऐकली. इतक्या वर्षांनी खोपोलीच्या जिन्यात एका वारकऱ्याच्या टाळांवर ती ऐकताना वाटलं, ही गाणी बसवली ती याचसाठी असणार.

22 डिसेंबर, रविवार

चौथी मेणबत्ती. मरिया घाईघाईनं डोंगराळ मुलखात जाते, म्हाताऱ्या एलिझाबेथला भेटायला. दोघी गरोदर, एक फार लहान, एक फार उशिरा. मला सगळ्या बायबलात हा प्रसंग सर्वांत जवळचा वाटतो. कारण यात कोणी मोठा माणूस नाही, फक्त दोन बायका आणि एक उंबरठा. विश्वासूंच्या प्रार्थनेत बोटीतल्या मृतांची आठवण केली.

दुपारी फादरांबरोबर आम्हीही डोंगर चढलो. माथेरानला एक आजी आहेत, त्यांना खाली उतरवत नाही, त्यांच्यासाठी परमप्रसाद घेऊन. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट खालापूरच्या चौक गावातून वर चढला आणि त्यानंतर साहेबांचं हे गाव वसलं. मग साहेबांसाठी सेंट पॉल चर्च, 1907 मध्ये नेरळहून छोटी गाडी. आजही दस्तुरीच्या पुढं मोटार जात नाही. लाल मातीतून चालत गेलो. घोडे, हातरिक्षा, सहलीला आलेली मुलं, सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत तांबडे.

आजींनी घर सारवून ठेवलं होतं. स्टुलावर पांढरा रुमाल, त्यावर क्रूस आणि मेणबत्ती, पाण्याची वाटी. माझ्याहून त्यांना मराठी प्रार्थना जास्त पाठ. फादर एका ओळीवर अडखळले ती त्यांनी पुरी केली. निघताना म्हणाल्या, साहेब लोक असताना नाताळाला इथं चिटपाखरू नसायचं. आता नाताळालाच पाय ठेवायला जागा नाही, आणि देवळात मात्र आम्ही मोजकेच.

परत येताना पलीकडं इर्शाळगड दिसत होता. जुलै 2023 मध्ये त्याच्या पायथ्याची ठाकरांची वाडी एका रात्रीत दरडीखाली गेली. फादर तेव्हा इथं नव्हते. ह्यांनी त्यांना बोट करून जागा दाखवली. पुढं कोणी बोललं नाही.

23 डिसेंबर, सोमवार

आज गोठा. असिसीच्या फ्रान्सिसनं 1223 मध्ये ग्रेचो गावात खरा बैल आणि खरं गाढव आणून पहिला गोठा केला. बैल आमच्याकडेही मिळाला असता, पण देवळात जागा नाही. बाकी सगळं खरं आहे. भात झोडून झालेलं, पेंढा हवा तितका. कारवीच्या काठ्यांच्या भिंती, त्यांवर मातीचा हात, छपराला पेंढ्याची शाकारणी, ठाकरांच्या घरासारखी. ती करून दिली आमच्याकडच्या ठाकर दादांनी, आणि आम्हाला पेंढी पाहिजे तशी बांधता येईना म्हणून त्यांनी सगळी सोडून पुन्हा बांधली.

गव्हाण रिकामी. आगमनकाळात मुलांनी एखादं चांगलं काम केलं की त्यांनी तिच्यात पेंढ्याची एक काडी टाकायची. आज ती काठोकाठ भरली आहे. बाळाला मात्र अजून यायचं आहे. या गोष्टीवर माझा हट्ट आहे. हल्ली कुठं कुठं पंधरा तारखेलाच बाळ ठेवून फोटो काढतात. नको. मुलांना रिकामी गव्हाण बघू दे.

24 डिसेंबर, मंगळवार, रात्री उशिरा

देऊळ गच्च. मुंबईहून माहेरवाशिणी आल्या, फार्महाउसवाले आले, शेजारच्या वहिनी आणि त्यांच्या सुना आल्या. रोममध्ये पोप फ्रान्सिस आपल्या साडेअकराच्या सुमारास ज्युबिलीचा पवित्र दरवाजा उघडणार होते. फादरांनी ते सांगितलं, आशेचं वर्ष सुरू होतंय म्हणाले.

मग ग्लोरिया. चार आठवडे अडवून ठेवलेलं पाणी सुटावं तसं. सगळ्या घंटा एकदम, तबला, टाळ, कोणाच्या हातातली किल्ल्यांची जुडीसुद्धा. सगळ्यात धाकट्या मुलीनं बाळ आणून गव्हाणीत ठेवलं. पेंढा इतका साठला होता की बाळ घसरू लागलं, तिनं दोन्ही हातांनी खोबण केली.

बाहेर पडलो तर नदीपलीकडच्या रिसॉर्टमधून डीजे ऐकू येत होता. तिथं आमची मुलं ताटं उचलत असणार. अर्धं देऊळ तिथं आहे, असं मला सारखं वाटत राहिलं. झोपते. चारला उठायचं आहे.

25 डिसेंबर, बुधवार

पहाटे थंडी चांगलीच होती. आकाशात उतरत्या पक्षाची चंद्रकोर, उल्हास नदीवर धुकं. गोव्याच्या काकांनी ठरलेली टमटम नेली आणि दोन खेपांत मुलं आणली. भल्या मॅनेजरकडची तर आलीच, नकार मिळालेल्या ठिकाणचीही तिघं आली. कशी सुटली ते आम्ही विचारलं नाही. चौदा-पंधरा जण, त्यांत चार मुली. पांढऱ्या शर्टांना तंदूरचा धूर, एकीच्या केसांत पार्टीची चमकी. डोळे लाल. कोणी तोंड धुऊन, कोणी तसंच.

दोनदा कॉयर, दोनदा सजावट म्हणणारे कमिटीतले ते गृहस्थ सर्वांत आधी हजर होते, थर्मास घेऊन.

पहाटेच्या मिस्सेचं शुभवर्तमान मेंढपाळांचं. देवदूत निघून गेल्यावर ते उठतात आणि बेथलेहेमला जाऊन बाळ पाहतात. इतकी वर्षं ऐकलं, पण ते कोण होते हे मला आज दिसलं. गाव झोपलेलं असताना ज्यांची रात्रपाळी होती ते. बातमी आधी त्यांना मिळाली, कारण जागे तेच होते. फादरांनी प्रवचन केलंच नाही. मुलांकडे पाहून म्हणाले, आजचं वाचन तुमचं आहे, मी त्यात काय सांगू?

परमप्रसादानंतर गुमल्याच्या मुलानं विचारलं, एक गाणं म्हणू का? कुडुखमध्ये, आमच्या भाषेत. चौघांनी धरलं. एक मुलगी बाकावरच हातांनी ठेका देत होती. शब्द आम्हाला एकही कळला नाही. भाच्यानं दुसऱ्या ओळीला तबला उचलला आणि चौथ्या ओळीपर्यंत सम पकडली.

मग कुलकुल, करंज्या, केक, कढत चहा. घड्याळाकडे बघत बघत खाल्लं. पावणेसातला टमटम गेली.

वहिनींचा रव्याचा टिन नऊच्या सुमारास पोचवला.

26 डिसेंबर, गुरुवार

वहिनींचं उद्यापन. सवाष्णींत मीही. हळदी-कुंकू, एक फळ, पोथी. माझ्या पाटासमोरची रांगोळी त्यांच्या सुनेनं काढलेली. मध्ये चांदणी.

6 जानेवारी 2025, सोमवार

तीन राजांचा सण देवळात काल रविवारी झाला, पण तारीख आजचीच. एकतीसची गर्दी सरली, शनिवार-रविवार सरला, मुलांना आज सुटी. म्हणून शेतातली पोपटी आज.

शेत ठाकर दादांचं. भात निघाल्यावर ओलीवर टाकलेला वाल आता शेंगांनी लवलाय. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मग बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात बांधलेलं मसाल्याचं चिकन, परत शेंगा. तोंडाशी पाला दाबून दाबून कोंबायचा आणि मडकं पालथं घालायचं. भोवती पेंढा, गोवऱ्या, लाकडं. अर्ध्या तासानं मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. चर्र होऊन थेंब लगेच उडाला की झालं. झारखंडच्या मुलांना हे सगळं आपल्या घरचंच वाटलं, तिकडं साल वृक्षाच्या पानांत असं काही करतात म्हणाली. त्यांनी जाळ आमच्यापेक्षा छान लावला. त्यांचा मांदर ढोल कुठून तरी मिळवला होता. मामांनी टाळ काढले, आणि नाचात सगळ्यात पुढं गोव्याचे काका.

पंचवीसला न आलेल्या दोघी मुलीही आज होत्या. रात्रभर भांडी घासल्यावर पहाटे त्यांचा डोळा लागला होता. आपण चुकलो असं पुन्हापुन्हा सांगत होत्या. जाऊबाईंनी त्यांच्या ताटात आधी शेंगा वाढल्या आणि मग गप्प बसा म्हटलं.

त्यांचं पहाटेचं गाणं मी आज लिहून घेतलं. त्यानं एक एक शब्द तोडून सांगितला, मी देवनागरीत उतरवला, अर्थ बाजूला. काकांनी त्यावरून रोमीत, नर्सताईनं मल्याळममध्ये. सराव बुधवारी.

या वर्षी ईस्टर 20 एप्रिलला. शनिवारची जागरणाची रात्र आणि रविवार, दोन्ही रिसॉर्टांचे गर्दीचे दिवस. फादर म्हणाले, मॅनेजरांना या खेपेस मार्चमध्येच भेटू, आणि नकार देणाऱ्याकडे आधी जाऊ.